डोळ्यात उभी असलेली बाई

१२ नोव्हेंबर, जळगाव

बोर्डाचे फॉर्म सुरू झाले. आज एकसष्ट पासपोर्ट फोटो. "हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका." हे म्हणतात, मी झोपेतसुद्धा हेच बडबडते.

अकरा वर्षं झाली या स्टुडिओत. अर्ध्या जळगावचे कान माझ्याकडे आहेत, पण मी काढलेला एकही फोटो कुणाच्या भिंतीवर नाही. सगळे फॉर्मला चिकटले, नाहीतर पाकिटात मळले. आज शेठना तोंडावर म्हटलं, आतली खोली उघडून द्या, मी पोर्ट्रेट काढते. मोठा दिवा, पडदा, लाकडी खुर्ची, सगळं आत खोक्यांखाली पडलंय. हल्ली लोक फोटो काढायला धरणावर जातात ना.

शेठ हसले. "मंगलताई, तुम्ही पासपोर्टला एक नंबर." वर गिऱ्हाइकासमोर, "असा एक फोटो आणा, जो घरचे लोक आपणहून भिंतीवर लावतील. त्या दिवशी खोलीची किल्ली तुमची."

लिहून ठेवते. किल्ली माझी.

१६ नोव्हेंबर

रविवार. मोबाइलमध्ये जमवलेले परदेशी फोटो काढून बसले. शिकायचं तर चांगल्याचं बघून शिकावं. एक दाढीवाला कोळी, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. ह्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवलं, मान तशीच, हात तसाच. फोटोत कोळी नाही आला, पोलिसांना हवा असलेला इसम आला. हे म्हणाले, "हा आबांना दाखवू नकोस."

दुसरा फोटो धुक्यातल्या बाईचा. धुक्यासाठी कुकरची शिट्टी काढली. वाफ सगळी लेन्सवर. वरण कच्चं राहिलं ते वेगळंच.

२३ नोव्हेंबर, शिंदखेडा

आबांना, म्हणजे सासऱ्यांना, भेटायला आले. सासूबाई गेल्यापासून महिन्यातून दोनदा तरी येतेच. घरात पाय ठेवायला जागा नाही, पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस. भाव वाढायची वाट बघताहेत.

देवाजवळच्या भिंतीवर आबांच्या आईचा फोटो. अठरा वर्षं त्याच्यावरची धूळ पुसतेय. आज पहिल्यांदा *बघितला*. बाप रे! डाव्या गालावर उजेड, उजवा गाल सावलीत, पण त्या सावलीतही सुरकुतीन् सुरकुती दिसते. नथीचा मोतीसुद्धा सावलीतच, तरी गोल. माझ्या कोळ्याचा तो गाल नुसता डांबर होता.

मागे शिक्का, पारोळ्याचा. आबा म्हणाले, पारोळ्याचे नाना फोटोवाले. लांबलांबची माणसं लग्नाला, बाजाराला गेली की त्यांच्याकडे बसायची. नाना जाऊन बरीच वर्षं झाली.

"मन्ही माय तवय घाबरेल व्हती," आबा म्हणाले. "पन फोटूमा देख, राणी दिखस."

झालं. परदेशी कोळी गेला खड्ड्यात. माझा गुरू पारोळ्याचा.

३० नोव्हेंबर, शिंदखेडा

आबांनाच बसवलं. पुढच्या खोलीचं दार डावीकडे, उजवीकडे कापूस. फोटो समोर ठेवून एकेक गोष्ट त्याच्यासारखी केली. खुर्चीची उंची, हात गुडघ्यावर, नजर थेट लेन्समध्ये, कॅमेरा छातीच्या उंचीवर. धोतर, टोपी स्वच्छ. रंग काढून काळा-पांढरा केला.

आला! अगदी तसा आला! सावलीतला गाल जिवंत, मिशीचा केस न् केस. मी अंगणात जाऊन एकटीच टाळ्या वाजवल्या. आबा म्हणाले, "काय व्हयनं वं? साप निंघना का?"

नानांची युक्ती कळली म्हणायची.

७ डिसेंबर, शिंदखेडा

मोठी प्रिंट काढून आणली. स्टँडजवळच्या फ्रेमवाल्याकडे दिली, कागदावर आबांचं पूर्ण नाव लिहून दिलं, "चांगली करा, पाटीवर नाव टाका" म्हटलं आणि बस पकडली. आबांना अजून सांगितलं नाही, अचानक हातात ठेवायची.

१० डिसेंबर, जळगाव

काय दिवस! आता हसू येतंय.

अकरा वाजता ह्यांच्या चुलतभावाचा फोन. "कळवलं पण नाही रे? असं कसं झालं एकदम?" ह्यांचा चेहरा पांढराफटक. चुलतभावाने मोबाइलवर पाठवलं ते बघितलं तर माझाच फोटो! फ्रेममध्ये, चंदनाचा हार घातलेला, खाली पाटी, "कै." आणि आबांचं नाव. वर कुणीतरी लिहिलेलं, भावपूर्ण श्रद्धांजली. पन्नास जणांच्या स्टेटसला.

ह्यांनी आबांना फोन लावला. वाजतोय, वाजतोय. मी सगळे देव आठवले. मग आबांचा आवाज, "कोन? मी जेवी ऱ्हायनू."

हे फोन धरून रडले. मीही रडले. मग मला कळलं की हा सगळा गोंधळ माझ्या फोटोने घातला, म्हणून परत रडले.

१४ डिसेंबर, शिंदखेडा

हकीकत पूर्ण कळली. फ्रेमवाल्याने पॉलिश वाळायला दुकानाच्या दर्शनी भागात फ्रेम उभी केली. येणाऱ्याजाणाऱ्याने बघितली, मोबाइलवर टिपली. बघता बघता आबांच्या अंगणात तीसेक माणसं, आणि आबा आत भरीत आणि कळण्याची भाकरी खाताहेत. धुळ्याहून आत्याबाई, म्हणजे आबांची धाकटी बहीण, रडत रडत रिक्षातून उतरल्या. दारात आबा!

"कसाले रडस वं?" आबा त्यांना म्हणाले. "मी त आठेच शे. बस, च्या पी."

फ्रेमवाल्याला झापायला गेले. तो गरीब माणूस, हात जोडले त्याने. "ताई, काळा-पांढरा फोटो, टोपी, समोर बघतोय. अशा फोटोला वीस वर्षं झाली, मी हारच घालतो. जिवंत माणूस असा फोटो काढतंय कोण? मला वाटलं नानांच्याच हातचा आहे, जुना."

मी भांडायला गेले होते. ते विसरूनच गेले. "परत बोला," म्हटलं. "नानांच्याच हातचा वाटला?" "हो ताई, शप्पथ." त्याच्याकडचा हार तसाच परत देऊन आले, पैसे पूर्ण दिले.

आबा भलतेच खूश. "मी मरी गऊ ते कोन कितला रडस, देखी लिधं." कोण आलं नाही याची यादीही पाठ आहे. पण आत्याबाईंनी फोटो कपाटामागे घातला. जिवंत माणसाचा असला फोटो भिंतीवर चढवायचा नाही, आयुष्य कमी होतं. आबांनी पहिल्यांदाच बहिणीचं ऐकलं. म्हणजे भिंत गेलीच. फोन केला तर शेठ काय म्हणाले? "लागला नाही ना? मग नाही."

संध्याकाळ व्हायच्या आत आबांचा दुसरा फोटो काढला, हसरा, आत्याबाईंना चालेलसा. तेच दार, तीच खुर्ची, तोच माणूस. आणि उजवा गाल डांबर! चार वेळा काढला, चारही वेळा डांबर. रडकुंडीला आले. मग बाजूला बघितलं. खोली रिकामी. गुरुवारी कापूस विकला आबांनी.

अगं बाई, *कापूस!* तो ढीग उजेड परत फेकत होता आणि मी समजत होते माझंच कसब. स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

पण मग नानांकडे कापूस नव्हता. त्यांच्याकडे काय होतं?

आबांच्या आईचा फोटो जळगावला न्यायला मागितला. आबांनी स्वतः टॉवेलात गुंडाळला. "मांडीवर ठेव. वरल्या फळीवर टाकू नको तिले."

१७ डिसेंबर, जळगाव

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ह्यांच्या आजींचा, म्हणजे आबांच्या आईचा, फोटो स्कॅनरवर ठेवला, डोळा मोठा करत करत पडद्याएवढा केला. उजेड कुठून कुठून आला ते बुबुळात दिसतं, हे कुठेतरी वाचलं होतं.

डावीकडे चौकोन, चार तावदानं. खिडकी. ती अपेक्षितच. उजवीकडे खाली एक उभा पांढरा पट्टा. पट्ट्याच्या वर काळा ठिपका. पट्ट्याच्या दोन्ही वरच्या टोकांना आणखी दोन बारीक ठिपके.

वरचा ठिपका डोकं. टोकांना हात. कुणीतरी पांढरं कापड पसरून धरलंय. आणि डोक्यापासून खांद्यापर्यंत सरळ उतार, म्हणजे पदर. बाई आहे ती!

शेठ मागून म्हणाले, "एवढा डोळ्यात काय शोधताय, मोतीबिंदू?" मी डोळा आणखी मोठा केला.

१८ डिसेंबर

लोक जुने फोटो नवे करायला आणतात, त्यांचे स्कॅन आमच्याकडे साठलेत. शिक्का बघून पारोळ्याचे निवडले, चौदा निघाले. पाटील, वाणी, शिंपी, नवरा-नवरी, मुंज झालेलं पोर, सगळ्यांचे डोळे उघडून बघितले. तेरा फोटोंत ती आहे. तशीच, उजवीकडे, हात वर. चौदाव्यात नाही. त्या फोटोतल्या मास्तरांचा गाल माझ्या कोळ्यासारखा काळाकुट्ट.

रविवारी पारोळा.

२१ डिसेंबर, पारोळा

किल्ल्याजवळ विचारलं तर पोरंसोरंही नानांचं घर सांगतात. स्टुडिओत आता झेरॉक्सचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. अक्का, नानांच्या बायको, दारातच गव्हातले खडे निवडत बसलेल्या. ऐंशीच्या पुढच्या, ताठ. "कोन वं? बचत गटवाली का?"

डोळ्याची प्रिंट हातात दिली. त्यांनी ती दूर धरली, जवळ धरली, सुनेकडून चष्मा मागवला. मग एकदम हसायलाच लागल्या, गव्हाचं सूप कलंडेपर्यंत.

"हाई त मी शे!"

मग थांबेचनात. लग्न होऊन आल्या तेव्हापासून नाना फोटो काढायचे आणि त्या धुतलेलं धोतर धरून उभ्या राहायच्या. पन्नास वर्षं. नाना कॅमेऱ्यातून नुसते म्हणायचे, वर, खाले, थांब. गिऱ्हाइकाला वाटायचं बाई वाळत घालायला थांबलीय.

चौदावा फोटो दाखवला, मास्तरांचा. अक्कांनी एका क्षणात सांगितलं. "तवय मी माहेर गयेल व्हतू, बायतपनले. मी नही त गाल काया पडे."

भिंतीवर नानांचा फोटो, हार घातलेला. मी विचारलं, अक्का, तुमचा कुठंय?

"मना? आधार कार्डवर शे ना, भूतनी दिखस." आणि मग, अगदी साधं बोलल्यासारखं, "मी फोटूमा बसू त धोतर कोन धरी?"

स्टँडवर येऊन रडले. खोटं कशाला लिहू? मग भजी खाल्ली आणि ठरवलं. अक्कांचा फोटो मी काढणार आणि तो भिंतीवर लागणार. किल्लीबिल्ली नंतर.

२८ डिसेंबर, शिंदखेडा

दिवसभर सराव. आबा खुर्चीत, हे धोतर धरून. हात दुखले म्हणून ह्यांनी एक तासात तीनदा चहा मागितला. पन्नास वर्षं म्हणजे काय ते आज कळलं त्यांना. पण गाल उजळला! धोतर जवळ आणलं की सावली पातळ, लांब नेलं की घट्ट, तिरकं केलं की डोळ्याखालची सुरकुती मऊ. कापूस नशिबाने मिळाला होता, हे मात्र माझं. परत आणलेल्या आजींच्या फोटोशेजारी ठेवून बघितलं आणि कॉलर असती तर ताठ केली असती.

आबांना अक्कांची गोष्ट सांगितली. त्यांनी आईचा फोटो जवळ घेतला. मग म्हणाले, धोतर मी धरीन.

४ जानेवारी, पारोळा

आबा परीटघडीच्या धोतरात, बगलेत दुसरं धोतर. अक्कांच्या घरी पोचलो तर गल्लीत कुजबुज, शिंदखेड्याचे वारलेले पाटील आलेत म्हणून. आबांनी सगळ्यांना रामराम घातला. वर अक्का नवं पातळ नेसून तयार, फोनवर हो म्हणाल्या होत्या.

वरच्या खोलीत, नाना फोटोला माणसं बसवायचे तिथे, तीच खिडकी अजून आहे. एका तावदानाला प्लायवूड ठोकलंय, बाकी उजेड तसाच. खालून झेरॉक्सची घरघर.

अक्का खुर्चीत बसल्या आणि लगेच साहेब झाल्या. "वर. आजून वर. खाले. हां. आते हालू नको." आबा म्हणाले, "मी काय खांबा शे का?" "शेस!" अक्का म्हणाल्या.

सहा फोटो अगदी नानांसारखे काढले. हात गुडघ्यावर, नजर समोर. सुंदर. एकही खोट काढता येणार नाही असे. पण अक्का त्यात पाहुण्यासारख्या बसलेल्या.

सातव्याला आबांचे हात दमले, धोतर खाली आलं. "वर!" अक्का ओरडल्या, आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले, धोतर धरल्यासारखे. खुर्चीत बसून, पदर डोक्यावर, मोकळे हात वर, आणि डोळे असे की मी घाबरले.

दाबलं बटण. एकच.

नानांनी असा फोटो फाडून टाकला असता, हात हलले म्हणून. मी नाही फाडणार. हा माझा आहे.

७ जानेवारी, जळगाव

प्रिंट काढली. शेठ पाच मिनिटं बघत होते. मग शेठाणींना घरून बोलावलं. "हा कुणाचं बघून काढला?"

"कुणाचंच नाही."

त्यांनी टेबलाच्या खणात हात घातला, किल्ली बाहेर काढली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत ठेवली. "भिंतीवर लागला का?"

वस्ताद माणूस! पण शब्दाला शब्द. "लागेल," म्हटलं. "तुम्ही खोके उचलून ठेवा."

९ जानेवारी

प्रिंट आबांकडे पाठवली होती. आबा स्वतः त्याच फ्रेमवाल्याकडे गेले, स्टुलावर बसले, फ्रेम होईपर्यंत हलले नाहीत. "हार दिखना त याद राख!" फ्रेमवाल्याने घाबरून पाटीसुद्धा लावली नाही. आबा म्हणाले, मांडीवर घेऊन उद्या पारोळ्याला पोचवतो.

११ जानेवारी, सकाळ

रविवार. काल संध्याकाळी अक्कांच्या सुनेचा फोन. अक्का दिवसभर भिंग घेऊन बसल्यात, आपल्याच डोळ्यात बघताहेत. म्हणतात, धोतर धरणारा म्हातारा वाकडा उभा आहे, पण मधे कॅमेऱ्यामागची बाई सरळ आहे.

मीच ती! मी आहे त्यात! हे वाक्य ह्यांना चारदा ऐकवलं.

पण फोटो अजून टेबलावर. अक्कांनी नानांच्या फोटोशेजारी स्वतः खिळा ठोकला, आणि घरात महाभारत. मुलगा म्हणतो, हार घातलेल्याच्या शेजारी जिवंत माणसाचा फोटो नको, शिंदखेड्याचं झालं ते पुरे. आत्याबाईंनीही धुळ्याहून त्याला फोन करून तेच सांगितलं, त्यांना कुणी विचारलं देव जाणे. मुलगा चढवणार नाही, सून घाबरते, अक्कांचा हात आता तेवढा वर पोचत नाही.

मागून अक्कांचा आवाज येत होता. "हार नको माले! पन्नास वरीस मी तेसना बाजूलेच उभी व्हतू. तैन्ही कोनी मरनं नही." मग सुनेच्या हातातून फोन घेतला असावा. "मंगल, तू ये. जिनी फोटू काढा, तीच चढाई."

मुलगा म्हणाला, येऊ दे त्यांना, मी बोलतो त्यांच्याशी. बोल बाबा. मलाही बोलता येतं, अकरा वर्षं लोकांना हनुवटी खाली करायला लावतेय.

पावणेआठची धुळे गाडी आहे, पारोळ्यावरून जाते. कॅमेरा नेत नाही आज. हातोडीही नको, खिळा आहे. मला फक्त दोन्ही हात वर करून धरायचंय.